बाजार समितीवर निवडून जायचंय? मग सुरुवात मतदार यादीपासून करा

बाजार समितीचं संचालक मंडळ कोण निवडून देतं, असं गावात विचारलं तर बहुतेक जण बिनदिक्कत "शेतकरी" म्हणतात. तसं नाही. माल शेतकऱ्याचा, बाजार फी त्याच्या मालाच्या व्यवहारावर, पण मतपत्रिका हातात पडते ती सोसायटीच्या (गावच्या शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या) संचालकाच्या, ग्रामपंचायत सदस्याच्या, लायसनदार व्यापाऱ्याच्या आणि हमालाच्या. २०२३ मध्ये मी सोसायटी गटातून उभा राहिलो आणि निवडून आलो. तेव्हापासून फोन येतात: फॉर्म कधी निघतो, डिपॉझिट किती, चिन्ह कोणतं घ्यावं. हे सगळं शेवटच्या महिन्यातलं काम आहे. तोवर निकाल बहुतेक लागून गेलेला असतो. म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

हा लेख तालुका पातळीवरच्या समित्यांसाठी आहे. वाशीची मुंबई बाजार समिती राज्य पातळीवरची, तिच्यावर महसूल विभागवार शेतकरी प्रतिनिधी जातात. ते गणित वेगळं आहे.

१. समिती म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्या

पहिला गैरसमज: बाजार समिती ही सहकारी संस्था आहे. नाही. तिला भागधारक नाहीत, लाभांश नाही, सभासदांची वार्षिक सभा नाही. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने उभी केलेली ती एक सार्वजनिक यंत्रणा आहे आणि कायदा तिला स्थानिक प्राधिकरण मानतो. गोंधळ होतो तो देखरेख सहकार खात्याची असल्यामुळे. जिल्ह्याला तुमचा संबंध येईल तो जिल्हा उपनिबंधकांशी, म्हणजे ज्यांना सगळे डीडीआर म्हणतात त्यांच्याशी. त्यांच्यावर पुण्याचे पणन संचालक. निवडणूक घेतं ते राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण, तेही पुण्याचंच. आणि पुण्यातच कृषी पणन मंडळ आहे. ते १९८४ पासूनचं, समित्यांना योजना आणि कर्ज पुरवणारं. ही तीन वेगळी दारं आहेत. निवडणुकीची तक्रार पणन मंडळात नेऊन देणारे लोक मी पाहिलेत. तिथे पोच मिळते, पण पुढे काही होत नाही.

राज्यात अशा तीनशेहून जास्त समित्या आहेत. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वऱ्हाडातल्या कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्येच नियमनाखाली आला होता.

२. १८ जागा कशा वाटल्या आहेत

हा हिशेब पाठच करा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

सोसायटी गट, ११ जागा: सर्वसाधारण ७, महिला २, इतर मागासवर्ग १, विमुक्त जाती-भटक्या जमाती १. मतदार: बाजार क्षेत्रातल्या विविध कार्यकारी सोसायट्यांच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य.

ग्रामपंचायत गट, ४ जागा: सर्वसाधारण २, अनुसूचित जाती-जमाती १, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक १. मतदार: ग्रामपंचायत सदस्य.

व्यापारी-अडते (कमिशनवर शेतकऱ्याचा माल विकून देणारे) गट, २ जागा. मतदार: समितीचे लायसनधारक.

हमाल-तोलारी गट, १ जागा. मतदार: त्यांचे परवानाधारक.

मुदत ५ वर्षं. पहिल्या दोन गटांतले १५ जण शेतकरी असावे लागतात, सभापती आणि उपसभापतीही त्यांच्यातूनच होतात. व्यापाऱ्याला मत आहे, मंडळात जागा आहे, पण त्या खुर्चीवर तो बसत नाही. कागदावर तरी.

मधल्या काळात हे बदललंही होतं. २०१७ च्या दुरुस्तीने किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत तीनदा तरी त्या बाजारात माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मत मिळालं. तालुक्याचे पंधरा गण पाडायचे आणि प्रत्येक गणातून एक शेतकरी, अशी ती रचना. सोलापूरसारख्या काही समित्यांची निवडणूक त्या पद्धतीने झाली. अडचण खर्चाची होती. निवडणुकीचा खर्च समितीनेच भरायचा असतो. हजार-दोन हजार मतदारांच्या जागी लाखभर मतदार आले, की लहान समितीचं वर्षाचं उत्पन्नसुद्धा पुरत नाही. २०२० मध्ये जुनी पद्धत परत आली. २०२२ ला सरकार बदललं, शेतकऱ्यांना पुन्हा मत देण्याची घोषणा झाली. २०२३ ला प्रत्यक्षात हाती आली ती उभं राहण्याची मुभा. म्हणजे तुम्ही मतदार नसलात तरी उमेदवार होऊ शकता, फक्त स्वतःला मत देता येत नाही.

थेट मताधिकार असावा की नसावा यावर पारावर तासन्‌तास वाद घालता येतो. माझं मत असावा असंच आहे. पण निवडणूक लढवायची तर आजच्या नियमाने लढवायची. आणि हा नियम पुन्हा बदलू शकतो, म्हणून कार्यक्रम जाहीर झाला की त्या वेळची अधिसूचना स्वतः वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो नको, डीडीआर कार्यालयाच्या फलकावरची प्रत बघा.

३. मतदार यादी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एक ढोबळ हिशेब मांडू. समजा तालुक्यात ८० सोसायट्या आहेत. प्रत्येकीची व्यवस्थापन समिती साधारण १३ जणांची. म्हणजे सोसायटी गटाचे जेमतेम हजारभर मतदार. ग्रामपंचायती १०० धरल्या आणि सदस्य सरासरी ९, तर तिकडे नऊशे. दीड-दोन लाख लोकसंख्येच्या तालुक्याचा बाजार हे एवढे लोक ठरवतात. त्यातला प्रत्येक जण नावानिशी, भावकीनिशी माहीत असतो. म्हणूनच बाजार समितीची खरी निवडणूक त्याआधीच्या सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकांत होते. एका सोसायटीत पॅनेल आलं की तेरा मतांचा गठ्ठा हाती आला. जुने खेळाडू सोसायटीत बिनविरोधचा एवढा आग्रह का धरतात, ते यावरून कळेल.

तुम्ही नवे असाल तर सगळ्यात आधी स्वतः मतदार व्हा. गावच्या सोसायटीचे सभासद आहात का? कर्ज थकलेलं नाही ना? थकबाकीदाराला सोसायटीच्या व्यवस्थापन समितीवर जाता येत नाही. वडिलांच्या नावावरचा सभासदत्वाचा हिस्सा त्यांच्या पश्चात तुमच्या नावावर झालाय का, हे आजच सचिवाकडे जाऊन पाहा. बऱ्याच घरांत ते काम पडून असतं आणि निवडणूक आली की आठवतं.

आता यादी कशी तयार होते. प्राधिकरण एक अर्हता तारीख ठरवतं. त्या तारखेला जो सोसायटीच्या समितीवर किंवा ग्रामपंचायतीवर आहे, त्याचं नाव यादीत. सोसायट्यांची नावं सहायक निबंधकांकडून, ग्रामपंचायतींची गटविकास अधिकाऱ्यांकडून येतात, त्यांचं एकत्रीकरण होऊन प्रारूप यादी लागते. हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्यानंतर सुनावणी आणि अंतिम यादी. अंतिम यादी लागली की संपलं, मग कोर्टाचीच वाट.

सापळे असे:

अर्हता तारखेला ज्या सोसायटीवर किंवा ग्रामपंचायतीवर प्रशासक असेल तिथून मतदारच येत नाहीत. आपल्या बाजूची सात-आठ गावं अशा अवस्थेत असतील तर पहिल्याच दिवशी तेवढ्याने मागे पडलात. २०२३ चा कार्यक्रम एकदा पुढे ढकलला गेला, तो आधी ग्रामपंचायतींच्या निवडणुका होऊन नवे सदस्य यादीत यावेत यासाठीच.

राजीनामा दिलेले, अपात्र ठरलेले, मयत झालेले सदस्य यादीत तसेच राहतात. उलट, रिक्त जागेवर घेतलेल्या नव्या सदस्याचं नाव येत नाही, कारण सोसायटीने ठराव केला पण तो सहायक निबंधकांकडे कळवलाच नाही. आमच्याकडे एका सोसायटीचं असंच झालं होतं. ठराव प्रोसिडिंग बुकात व्यवस्थित, सह्या व्यवस्थित, जावक रजिस्टरला मात्र नोंद नाही. हरकत घेताना आम्ही तीन कागद जोडले: ठरावाची सचिवाच्या सहीची नक्कल, त्या सभेच्या हजेरीची नक्कल आणि आधीच्या सदस्याच्या राजीनाम्याची प्रत. नाव लागलं. तोंडी सांगून, ओळख काढून ते लागलं नसतं.

नावातल्या चुका लगेच दुरुस्त करून घ्या. यादीत "बाबुराव" आणि आधारवर "बाबूराव" असेल तर केंद्रावर सहसा कोणी अडवत नाही. पण वडिलांचं नाव किंवा आडनावच वेगळं असेल तर समोरचा पोलिंग एजंट नक्की आक्षेप घेतो.

व्यापारी गटाची यादीही एकदा नजरेखालून घाला, तुम्ही त्या गटात नसलात तरी. निवडणुकीच्या तोंडावर लायसनं फुगतात ही काही गुपित गोष्ट नाही. त्या दोन जागा पुढे सभापती निवडताना लागतात.

४. कोण उभं राहू शकतो आणि कागद कोणते

वय किमान २१. राहणं बाजार क्षेत्रात. शेतकरी जागेवर उभे राहणार असाल तर व्यापाराचं किंवा अडतीचं लायसन नको. शेतीही आहे आणि मोंढ्यात दुकानही आहे अशा माणसाला कायदा शेतकरी धरत नाही. छाननीत सगळ्यात जास्त भांडणं यावर होतात, म्हणून भागीदारीतलं दुकान असेल तर आधीच वकिलाला विचारा.

फाईलमध्ये हे ठेवा:

सातबारा आणि आठ-अ, ताजे, डिजिटल सहीचे.
शेतकरी असल्याचा आणि रहिवासाचा दाखला.
वयाचा पुरावा: शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला.
राखीव जागेसाठी जातीचा दाखला, आर्थिक दुर्बल घटकाच्या जागेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला.
बाजार समितीची थकबाकी नसल्याचा दाखला. गाळा भाड्याने घेतलेला असेल तर हा विशेष जपा.
अंतिम मतदार यादीतल्या तुमच्या, सूचकाच्या आणि अनुमोदकाच्या नावाच्या पानाची प्रत.
आधार, फोटो, डिपॉझिटची पावती.

प्रत्येक कागदाचे दोन संच करा. आणि कोणत्या गटात तुमचा अर्ज बसतो हे अर्ज भरण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून पक्कं करून घ्या, विशेषतः तुम्ही मतदार नसलेले शेतकरी असाल तर.

५. अर्ज, छाननी, माघार

सूचक आणि अनुमोदक त्याच गटाचे मतदार हवेत. सोसायटी गटाच्या अर्जाला ग्रामपंचायत सदस्याची सही चालत नाही, आणि दर वेळी कोणाचा तरी अर्ज यावरच उडतो. शक्य असेल तर दोन अर्ज भरा, दोन्हींवर वेगवेगळे सूचक-अनुमोदक घ्या. एकाची सही ऐनवेळी "माझी नाही" म्हणून फिरली तरी दुसरा अर्ज उभा राहतो. हसू नका, हे होतं.

छाननीला स्वतः हजर राहा. समोरच्याच्या अर्जावर आक्षेप घ्यायचा असेल तर लेखी द्या, निर्णयाची प्रत मागा.

माघारीची मुदत हा खरा सौद्याचा काळ. अर्ज शंभर-सव्वाशे येतात, उरतात चाळीस. दोन किंवा तीन पॅनेल बनतात. पक्षांची चिन्हं इथे नसतात, पण पॅनेलच्या मागे कोणता आमदार आहे हे बांधावरच्या पोरालाही ठाऊक असतं. इथे काँग्रेसवाला भाजपवाल्याच्या पॅनेलात दिसला तर चक्रावून जाऊ नका. बाजार समितीत पक्ष तालुक्याच्या वेशीबाहेर ठेवून येतात. अपक्ष लढायचं असेल तर खुशाल लढा, पण मतदाराला सर्वसाधारण गटात सात शिक्के मारायचे असतात आणि त्याच्या हातात पॅनेलने सात नावांची चिठ्ठी दिलेली असते, हे विसरू नका. त्या सातातलं एक नाव काढून तुमचं घालायला त्याला कारण लागतं.

६. मतदानाचा दिवस

मतदान कागदी मतपत्रिकेवर, शिक्क्याने. सोसायटी गटाच्या मतदाराला चार मतपत्रिका मिळतात: सर्वसाधारण, महिला, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके. सर्वसाधारणवर सातपर्यंत शिक्के, महिलांच्या पत्रिकेवर दोन, बाकी दोन्हींवर एकेक. सातपेक्षा कमी मारले तर मत चालतं. आठवा शिक्का पडला की अख्खी पत्रिका बाद. दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर पडलेला शिक्काही वाद निर्माण करतो. शिकलेली माणसंही इथे चुकतात, कारण विधानसभेला एक बटण दाबायची सवय असते. म्हणून नमुना मतपत्रिका छापून घ्या आणि प्रत्येक मतदाराकडून एकदा करून घ्या. प्रचाराच्या पत्रकावर खर्च करण्यापेक्षा हे बरं.

मतदारांना चार दिवस आधी "सहली"ला नेतात. लक्ष्मीदर्शनाच्या कथाही तुम्ही ऐकल्या असतीलच. मतदार इतके थोडे की प्रत्येकाचा भाव काढता येतो, हा या पद्धतीचा मूळ दोष आहे. माझा सल्ला विचाराल तर त्या शर्यतीत उतरू नका. पैसा कमी पडतोच, आणि निवडून आलात तर तो वसूल करायची घाई तुम्हाला गाळ्यांच्या फाईलकडे घेऊन जाते.

७. सभापतीची निवड

निकालानंतर पहिली सभा डीडीआर किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी बोलावतो, अजेंड्यावर सभापती-उपसभापतींची निवड एवढाच विषय. १८ पैकी १० जमले की झालं. इथे दोन व्यापारी आणि एक हमाल प्रतिनिधी, ज्यांच्याकडे प्रचारात कोणी फारसं बघत नाही, अचानक महत्त्वाचे होतात.

अडीच-अडीच वर्षं किंवा एकेक वर्ष पद वाटून घेण्याचे करार होतात. ते तोंडी असतात, फार तर मंदिरात शपथ होते. कायद्याला त्याची ओळख नाही. ठरलेल्या तारखेला सभापतीने राजीनामा दिला नाही तर अविश्वास ठरावाशिवाय मार्ग नसतो आणि त्याला साध्या बहुमतापेक्षा जास्त जुळवाजुळव लागते.

८. आत गेल्यावर

शाल-श्रीफळ आटोपलं की सचिवाकडे जाऊन बसा. सचिव हा पगारी माणूस, मंडळं येतात-जातात, तो राहतो. सगळे कागद त्याच्या कपाटात असतात. पहिल्या महिन्यात पुढची कागदपत्रं मागा: चालू अंदाजपत्रक, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि त्यातल्या दोषांची पूर्तता, गाळे व भूखंडांची यादी भाड्यासकट, कोर्टात चालू असलेल्या प्रकरणांची यादी. लेखापरीक्षण अहवाल मागून पुढे वाचा. शेरे शेवटी असतात.

मासिक सभेची नोटीस आणि अजेंडा वेळेत मिळतो का बघा. "आयत्या वेळचे विषय" हा मथळा दिसला की सावध व्हा. गाळ्याचं हस्तांतर, भूखंडाचं वाटप, रोजंदारीवरची नेमणूक, हे विषय अजेंड्यावर न येता तिथून सरकवले जातात. चहा आलेला असतो, सगळे उठायच्या बेतात असतात. पटलं नाही तर विरोध तोंडी करू नका, "माझा विरोध नोंदवावा" असं म्हणा आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो नोंदवला गेलाय का हे वाचून पाहा. ठरावामुळे समितीचं नुकसान झालं तर वसुली संचालकांच्या अंगावर येऊ शकते. "मला माहीत नव्हतं" हे चौकशी अधिकारी ऐकून घेत नाही. कोऱ्या पानावर हजेरीची सही तर कधीच करू नका.

बांधकामाचा ठराव केला म्हणजे काम सुरू करता येत नाही. कलम १२(१) खाली पणन संचालकांची मंजुरी लागते. ती नसताना निविदा काढलेली कामं वर्षानुवर्षं अर्धवट पडतात.

महिला संचालकांसाठी एक वेगळं. सभेला तुम्ही स्वतः जा. यजमानांना किंवा दिरांना खुर्चीत बसवायची पद्धत अजून आहे. इतिवृत्तावरची सही मात्र तुमची असते, आणि वसुलीची नोटीसही तुमच्याच नावाने येईल.

९. पैसा कुठून येतो

मुख्य उत्पन्न बाजार फीचं. बहुतेक समित्यांत ती शेकडा १ रुपया, आणि त्यावर ५ पैसे देखरेख खर्च, जो सरकारकडे जातो. फी खरेदीदाराने भरायची. समजा सोयाबीन ४,००० रुपये क्विंटल गेलं आणि ट्रकभर, म्हणजे १०० क्विंटल माल उतरला. व्यवहार ४ लाखांचा, समितीला ४,००० रुपये, सरकारला २००. हाच ट्रक बिनपावतीचा बाहेर गेला तर दोन्ही शून्य. त्यामुळे समितीची तब्येत बघायची तर गेटवरचं आवक रजिस्टर आणि फी वसुलीचं रजिस्टर शेजारी ठेवून बघा. आवक हजार क्विंटल आणि फी सहाशे क्विंटलची असेल तर उरलेलं चारशे कुठे गेलं, एवढा एकच प्रश्न सभेत विचारा.

२०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त झाला. समितीच्या आवाराबाहेर विकलेल्या या मालावर फी नाही. त्याच वेळी या मालावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, कांदा-बटाट्यासकट. तरी हिशेबपट्टी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी हिशेबाची पावती, हातात घेऊन बघा. कुठे "आडत" नावानेच कपात दिसते, कुठे ती "इतर खर्च" होऊन बसलेली असते. हमाली आणि तोलाई ठरलेल्या दराने. "कडता", "मातेरं", "नमुना" यांच्या नावाखाली किलो-दोन किलो काढून घेणं बेकायदा. लिलाव उघड व्हायला हवा, रुमालाखाली बोटं दाबून नव्हे. पैसे रोख आणि लगेच. नव्या संचालकाने सकाळच्या लिलावाला उभं राहून दहा पट्ट्या वाचल्या तर त्याला अंदाजपत्रकापेक्षा जास्त कळेल.

शेतकऱ्याला थेट दिसेल असं काम करायचं असेल तर शेतमाल तारण योजना हाती घ्या. पणन मंडळाची ही योजना १९९० पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळतं. काढणीच्या वेळी पडलेल्या भावात विकावं लागत नाही. तरीही पुष्कळ समित्यांत योजना नावापुरती असते, कारण गोदाम व्यापाऱ्याला भाड्याने दिलेलं असतं. ते मोकळं करायचा ठराव मांडून पाहा, मंडळात कोण कुठे उभं आहे ते कळेल.

१०. तुम्ही ना मतदार, ना संचालक, तरी

माहितीचा अधिकार इथे चालतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मागायचं काय, तर गाळ्यांची यादी आणि भाडं, गेल्या वर्षातल्या सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षण अहवाल. "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर "माहिती मोघम आहे" म्हणून परत येईल. वर्ष आणि रजिस्टरचं नाव घालून मागा.

वजन, पैसे, कपात यांची तक्रार आधी समितीच्या सचिवाकडे लेखी, पट्टीची झेरॉक्स जोडून, पोच घेऊन. दाद लागली नाही तर डीडीआरकडे. पट्टी नसेल तर तक्रार उभीच राहत नाही, म्हणून साध्या चिठ्ठीवर हिशेब घेऊन घरी जाऊ नका.

कारभार फारच बिघडला तर चौकशी लागते, आणि कलम ४५ खाली मंडळ बरखास्त होऊन प्रशासक येऊ शकतो. मुदत संपून निवडणूक लांबली तरी प्रशासकच. लोकांना सुरुवातीला ते बरं वाटतं, भांडणं थांबतात. पण प्रशासक बहुतेक वेळा सहकार खात्यातला अधिकारी, त्याच्याकडे आधीच दोन-तीन कार्यालयांचा भार, आठवड्यातून एकदा फाईली बघायला येणारा. त्या काळात तक्रारी लेखी देत राहा. त्यांचा निपटारा नव्या मंडळाला करावा लागतो आणि पोच तुमच्याकडे असते.

२०२३ च्या एप्रिलअखेर राज्यातल्या बहुसंख्य समित्यांचं मतदान झालं, म्हणजे त्यांची मुदत २०२८ च्या उन्हाळ्यात संपते. त्याआधी तुमच्या सोसायटीची आणि ग्रामपंचायतीची निवडणूक कधी आहे, ती तारीख आत्ताच काढून ठेवा. सोसायटीची तारीख सहायक निबंधकांच्या कार्यालयात मिळेल, ग्रामपंचायतीची तहसीलमध्ये.